'आत तरी दोन वेळचं मिळतं' असं म्हणणाऱ्यांशी थोडं बोलायचंय

सुनंदा_इंदूर

"त्यापेक्षा जेल बरी, आत तरी दोन वेळचं मिळतं." हे वाक्य भिशीत ऐकलंय, भाजीच्या ठेल्यावर ऐकलंय, घरी जेवताना पाहुण्यांच्या तोंडूनही ऐकलंय. म्हणणारे दोन प्रकारचे असतात. एक रागाने म्हणतो, की आमच्या टॅक्सवर चोर-दरोडेखोर पोसले जातात आणि सरळ मार्गाने जगणारा गरीब उपाशी राहतो. दुसरा हताश होऊन म्हणतो, कारण तो स्वतः उपाशी राहिलेला असतो. पहिल्याशी मला वाद घालायचाय. दुसऱ्याचं मात्र खाली मान घालून ऐकून घ्यावं लागतं.

जे खरं आहे ते आधी मान्य करते. कैद्याला काय आणि किती द्यायचं हे लिहून ठेवलेलं असतं. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत जेवणातल्या कॅलरी आहेत, कपडे-अंथरूण आहे, डॉक्टर आहे, अगदी बॅरकमध्ये झोपायला माणशी ३.७१ चौरस मीटर जागा हवी हेसुद्धा आहे. बाहेरच्या गरिबासाठी असा कागद नाही. रेशन आहे, ते महत्त्वाचंच आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. पण ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. विटा उचलणारा माणूस तेवढं एका जेवणात खातो. डाळ, तेल, भाजी आणि सिलिंडर ज्याचं त्याने बघायचं. दीनदयाल रसोईत स्वस्तात थाळी मिळते, पण तिथपर्यंत जायला वेळ आणि पाय दोन्ही लागतात, म्हातारीला ते जमत नाही.

म्हणजे नुसते कागद शेजारी ठेवले तर आतला माणूस वरचढ दिसतो. त्याला कारण आहे. सरकारने माणसाला कोंडलं की त्याचं पोट सरकारच्या अंगावर येतं, कारण तो कामाला जाऊ शकत नाही, कुणाकडे उसनं मागू शकत नाही, आजारी पडला तर स्वतःच्या पायाने दवाखान्यात जाऊ शकत नाही.

पण ही तुलना करताना आपण दोन वेगळी माणसं डोळ्यांपुढे आणतो. एक आत बसून खाणारा, एक बाहेर उपाशी. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा एकाच घरातली असतात.

आमच्या भागात कपड्यांना इस्त्री करून देणारं एक कुटुंब आहे. नवरा-बायको, दोन मुली, सासू. नवऱ्याला मारामारीच्या एका प्रकरणात अटक झाली, जमानत झाली नाही, केस अजून चालू आहे. तो दोषी आहे की नाही ते कोर्ट ठरवेल, मी त्यात पडत नाही. तो आत गेल्यापासून कोळशाची मोठी इस्त्री बंद आहे, कारण ती दिवसभर चालवणं बायकोला झेपत नाही. ती भांड्यांची कामं धरते आणि संध्याकाळी हलके कपडे तेवढे घेते. मोठ्या मुलीने शाळा सोडलेली नाही, पण मुलाकातीच्या, म्हणजे जेलमध्ये भेटायला जायच्या दिवशी तिची शाळा बुडते, कारण आजीजवळ कुणीतरी लागतं.

मुलाकात म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. आधार कार्ड दाखवून नाव लिहायचं, हातावर शिक्का मारून घ्यायचा, नंबर येईपर्यंत बसून राहायचं, आणि मग जाळीपलीकडे, आजूबाजूचे सगळेच ओरडून बोलत असताना, सुचेल ते बोलायचं. मी तिच्याबरोबर गेले होते तेव्हा तिच्या पिशवीत बनियन, टॉवेल आणि रबरी चपला होत्या. नवऱ्याने आधी विचारलं, वकिलाचे पैसे दिले का. मग विचारलं, कँटीनचे भरले का. साबण, तेल, बिस्किटं घ्यायला घरच्यांनी त्याच्या खात्यात पैसे भरायचे असतात. ती बाई सध्या चहात साखर घालत नाही आणि ते पैसे भरते.

त्याला दोन वेळचं मिळतं हे खरं. त्यासाठी बाहेरच्या चौघींच्या ताटातून काय काय कमी झालं, ते कुठल्याच सरकारी खर्चाच्या तक्त्यात येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: कैद्याच्या राहणीमानाचा मोठा वाटा त्याचं गरीब घर भरतं. त्यामुळे आतला खर्च कमी करा म्हटलं की तो भार फिरून त्याच घरावर येतो.

आणि हे एकट्या-दुकट्याचं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशात ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते, जागा ४ लाख ३६ हजारांची. त्यांतले ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. आपल्या मध्य प्रदेशात तर तेव्हा क्षमतेच्या दीडपटीहून जास्त माणसं कोंबलेली होती. नियमातल्या ३.७१ चौरस मीटरचे प्रत्यक्षात अडीचसुद्धा राहत नव्हते.

तुमचे अनुभव लिहा. विरोधात असतील तर अवश्य लिहा.

---

परदेशीपुरा

ताई, तुम्ही दुसऱ्या प्रकारच्या माणसाबद्दल एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी त्याच्या बाजूने लिहितो.

मी इंदूरच्या मिल भागात वाढलो. हुकुमचंद मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली. हजारो कामगारांची हक्काची देणी अडकली. ते पैसे त्यांनी कमावलेले होते, कुणाकडे भीक मागत नव्हते. त्यासाठी किती वर्षं कोर्टात गेली ते बघा: डिसेंबर २०२३ मध्ये २२४ कोटी रुपयांचा प्रश्न सुटला. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत कितीतरी जण वारले. काहींच्या विधवा सह्या करायला आल्या, काहींचे नातू आले. या माणसांनी कधी चोरी केली नाही. कुणी हातठेला लावला, कुणी चौकीदारी केली, कुणाची मुलं दहावीच्या आत कामाला लागली.

आणखी एक गोष्ट इंदूरच्या माणसाने विसरू नये. जानेवारी २०२१ मध्ये, ऐन थंडीत, बेघर म्हाताऱ्यांना पालिकेच्या गाडीत घालून शहराबाहेर हायवेवर सोडून द्यायला नेलं होतं. तिथल्या गावकऱ्यांनी आरडाओरडा केला, व्हिडिओ काढले, तेव्हा परत आणलं. अधिकारी निलंबित झाले. पण माझ्या मनात राहतं ते हे, की त्या म्हाताऱ्यांपैकी कुणी कैदी असता तर त्याला असं रस्त्यावर टाकून देता आलं नसतं. संध्याकाळच्या गिनतीत एक माणूस कमी भरला असता आणि अख्खी जेल हलली असती. बाहेरच्या गरिबाची गिनती कुणी करत नाही.

म्हणून "जेल बरी" म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला मी चूक म्हणणार नाही. त्याला जेल नको असते, त्याला कुणाच्या तरी यादीत यायचं असतं.

---

अभिजित_व्ही

मी विरोधात आहे, तुम्ही बोलावलंत म्हणून लिहितो.

माझ्या काकांना दुकान बंद करून घरी येताना लुटलं. लोखंडी रॉडने मारलं. उजवा हात कायमचा अधू झाला. मारणारा पकडला गेला, शिक्षा झाली. त्याला आत डॉक्टर फुकट आहे. काकांनी ऑपरेशन आणि व्यायामोपचारासाठी एफडी मोडली, मग काकूंच्या पाटल्या गेल्या. तुमच्या लेखात कैदी आहे, कैद्याची बायको आहे, मुलगी आहे. ज्याचा हात गेला तो कुठे आहे?

तुम्ही म्हणाल कच्चे कैदी ७५ टक्के. ठीक आहे. उरलेल्या पंचवीस टक्क्यांचं सांगा. ज्याचा गुन्हा सिद्ध झालाय त्याचं ताट माझ्या काकांच्या ताटापेक्षा भरलेलं का असावं?

---

निमाडची_लेक

माझे वडील जेल खात्यात नोकरीला होते. कुठल्या जेलमध्ये ते लिहीत नाही. क्वार्टरमध्ये बालपण गेलं, त्यामुळे थोडं सांगू शकते.

जेवण भरपूर असायचं, हे खरं. कैदीच स्वयंपाक करायचे, पहाटे अंधारातच भट्टी पेटायची. पण रात्रीचं जेवण संध्याकाळी पाचच्या सुमारास वाटून मोकळे व्हायचे, कारण अंधार पडायच्या आत कैद्यांना बॅरकमध्ये बंद करायचं असतं. भूक लागते आठ-नऊला. तोवर पोळ्या चिवट होतात, डाळीवर साय धरते. पुढे थेट सकाळपर्यंत काही नाही. बॅरकमधला दिवा रात्रभर चालू. गर्दी वाढली की एका कुशीवर झोपायचं, सगळ्यांनी मिळून कूस बदलायची. मालव्या-निमाडातल्या मे महिन्यात पत्र्याखाली किंवा जुन्या दगडी छताखाली इतकी माणसं, ते काय असतं ते जाळीबाहेरूनही कळायचं. खरूज एकाला झाली की सगळ्यांना. क्षयरोगाचं प्रमाण तर तुरुंगात बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट असतं, ते सगळीकडेच दिसून आलंय.

हेही लिहिते, लपवण्यासारखं नाही. काही माणसं आत आल्यावर अंगाने भरायची. फुटपाथवरून, वीटभट्ट्यांवरून आलेली असायची. वडील म्हणायचे, याचं वजन आत वाढलं ही जेलसाठी अभिमानाची गोष्ट नाही, बाहेरच्यासाठी शरमेची आहे.

आणि बायकांच्या बॅरकमधली मुलं. सहा वर्षांचं होईपर्यंत मूल आईजवळ राहू शकतं. त्याला दूध, लस, बालवाडी मिळायला हवी, असं सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये ठरवून दिलंय. सातवं लागलं की त्याला बाहेर काढतात. त्याचा मोठा भाऊ बाहेर मामाकडे किंवा कुणाकडेच नसलेला. एकाच आईची दोन मुलं, धाकट्याला दूध आहे आणि थोरल्याला नाही. अभिजितभाऊ, तुमचा राग मला कळतो, पण या दोघांतल्या कुणाचं ताट कमी करायचं ते मला सांगता येत नाही.

---

पुणेकर_वाचक

या वादाला जुना इतिहास आहे, थोडक्यात लिहितो.

ब्रिटनच्या १८३४ च्या गरीब कायद्यामागे एक तत्त्व होतं: सरकारी मदतीवर जगणाऱ्याची अवस्था सगळ्यात खालच्या कष्टकऱ्याच्या अवस्थेपेक्षा वाईटच असली पाहिजे, नाहीतर लोक काम सोडून मदत घेतील. हेच तत्त्व तुरुंगालाही लावलं गेलं. आपल्याकडे मेकॉले यांचा हात असलेल्या समितीने १८३८ मध्ये तुरुंग अधिक कडक करण्याचाच सल्ला दिला.

आता हे तत्त्व दुष्काळात काय करतं बघा. १८७६-७८ च्या दुष्काळात इंग्रज सरकारने दुष्काळाच्या पाहणीसाठी पाठवलेले सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामावर खडी फोडणाऱ्या दुष्काळग्रस्तांना दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे असा दर लावला. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. तेव्हाच्या तुरुंगात सक्तमजुरीच्या कैद्याला याहून जास्त धान्य मिळत होतं. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर (सार्वजनिक आरोग्याचे अधिकारी) कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या मागे उभी राहिली. सभेच्या लोकांनी कैद्याचं धान्य कमी करा असं म्हटलं नाही, मजुराचं वाढवा म्हटलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुलना तीच होती, पण मागणी उलट्या बाजूची.

आपल्या काळातलंही सांगतो. सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात शहरात दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये खर्च करू शकणारा माणूस दारिद्र्यरेषेच्या वर धरला होता. जेवण, भाडं, औषध, शाळा, सगळं त्यातच. जिथे बाहेरची रेषाच इतकी खाली आखली जाते, तिथे डाळ-पोळी देणारी कुठलीही जागा चैनीची दिसणार.

---

रतलाम_पॅसेंजर

+१ परदेशीपुरा यांना.

एक भर घालतो. आत गेल्यावर सगळे सारखे होतात असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तुरुंगातल्या जातीवरून कामं वाटण्याच्या नियमांवर निकाल दिला आणि ते नियम घटनाबाह्य ठरवले. ज्या राज्यांची नियमपुस्तकं तपासली गेली त्यांत मध्य प्रदेशही होतं. झाडू आणि संडास कुणी करायचा, स्वयंपाक कुणी करायचा, हे जातीवरून ठरत होतं. शिवाय भटक्या-विमुक्त जमातींतल्या माणसाला सराईत गुन्हेगार समजून वेगळं ठेवण्याची रीत. पारधी, कंजर, सांसी ही आपल्याच भागातली माणसं. त्यांच्यासाठी बाहेर पोलिसांचा धाक आणि आत संडासाचं काम. पैसेवाल्याला मात्र आत गादी, घरचा डबा, मोबाईल मिळाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. "कैद्यांचं राहणीमान" असं एकच काही नसतं.

---

स्नेहनगर_वहिनी

इंदूरमध्येच एक वेगळा प्रयोग झालाय, त्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. २०१८ मध्ये इथे देवी अहिल्याबाई खुली कॉलनी, म्हणजे खुली जेल सुरू झाली. चांगल्या वर्तणुकीच्या, लग्न झालेल्या, शिक्षेचा मोठा भाग भोगून झालेल्या मोजक्या कैद्यांना तिथे दोन खोल्यांचं घर आणि बायको-मुलांसह राहण्याची मुभा. दिवसा शहरात जाऊन काम करायचं, ठरल्या वेळेला परत यायचं. जयपूरजवळच्या सांगानेरला हे १९६० च्या दशकापासून चालू आहे आणि तिथले कैदी आपलं अन्न स्वतः कमवून खातात.

मला हे यासाठी पटतं, की यात घरातला कमावणारा हात परत मिळतो. सुनंदाताईंच्या त्या इस्त्रीवाल्या घराला काय हवंय? सरकारी डाळ नकोय. माणूस संध्याकाळी घरी हवाय. अर्थात कच्च्या कैद्याला खुल्या जेलमध्ये सहसा पाठवत नाहीत, म्हणजे ज्याचा गुन्हा सिद्ध झाला त्याला ही सोय आणि ज्याचा झाला नाही तो गर्दीच्या बॅरकमध्ये. हे मला अजिबात समजत नाही आणि पटतही नाही.

---

सुनंदा_इंदूर

सगळ्यांचे आभार. अभिजितभाऊंना आधी उत्तर देते, कारण त्यांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही.

तुमच्या काकांच्या ऑपरेशनचा खर्च त्यांच्या माथी पडायला नको होता. पीडित नुकसानभरपाईची तरतूद २००९ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती (कलम ३५७-अ), नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३९६ मध्ये आलीय. अर्ज जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे (गरिबांना फुकट कायदेशीर मदत देणारं सरकारी ऑफिस) जातो. काकांनी केला होता का? दुसरं, १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, की काम करणाऱ्या कैद्याला रास्त मजुरी द्या, जेवण-कपड्याचा खर्च त्यातून कापा, आणि त्यातला काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढण्याची कायद्यात सोय करा. कैद्याला नीट मजुरी मिळाली तर त्यातून तुमच्या काकांनाही काही मिळू शकतं. त्याला अर्धपोटी ठेवून काकांचा हात बरा होणार नाही. तुमचा राग कैद्याच्या ताटावर निघतोय, तो भरपाई वेळेवर न मिळण्यावर निघायला हवा, आणि त्यात मी तुमच्या बरोबर आहे.

परदेशीपुरा, तुम्ही बरोबर आहात. त्या माणसाबद्दल मी कमी लिहिलं.

---

अभिजित_व्ही

अर्ज केला नव्हता. पोलीस ठाण्यात नाही, कोर्टात नाही, कुणीच सांगितलं नाही. उद्या काकांच्या वकिलाला विचारतो. बाकी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. शिक्षा झालेल्याने काम केलंच पाहिजे आणि त्यातून आधी पीडिताचं देणं फेडलं पाहिजे.

---

मनीषा_देवास

मी इथे नेहमी वाचते, लिहीत नाही. माझ्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या मुलाची जमानत मंजूर झाली आहे, पण जामीनदार मिळत नाही. कोर्टाने पट्टा (जमिनीचा कागद) किंवा तेवढ्या रकमेची सॉल्व्हन्सी (तेवढी ऐपत असल्याचा दाखला) मागितली आहे. यांचं घर भाड्याचं. आदेश होऊन दोन आठवडे होत आले, मुलगा अजून आतच आहे. वकील म्हणतो थांबा. काही करता येतं का?

---

सुनंदा_इंदूर

मनीषाताई, थांबू नका.

जमानतीचा आदेश झाल्यावर सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. कळवलं असेल असं गृहीत धरू नका. मावशींना घेऊन स्वतः देवासच्या प्राधिकरणाच्या ऑफिसात जा, वकील फुकट मिळतो. २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांना मदतीची योजना आहे. त्यात कच्च्या कैद्याला जमानतीची रक्कम भरायला आणि दंड न भरल्यामुळे अडकलेल्या शिक्षा झालेल्या कैद्याला दंड भरायला मदत मिळू शकते (२०२३ च्या सुरुवातीच्या नियमांत अनुक्रमे ४० हजारांपर्यंत आणि २५ हजारांपर्यंत होती). कलेक्टरांच्या प्रतिनिधीसह जिल्ह्याची समिती ते मंजूर करते. काही गंभीर कायद्यांखालच्या गुन्ह्यांना ती लागू नाही, म्हणून कलमं कोणती लागलीत ते आधी बघा.

त्याशिवाय वकिलाला अट शिथिल करण्याचा अर्ज द्यायला सांगा. आदेशानंतर महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी बदलण्याचा विचार करावा, असं सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय. पण महिना भरायची वाट बघायची गरज नाही, अर्ज आताही करता येतो. गुन्हा जमानतीय असेल आणि अटकेपासून आठवडाभरात जामीनदार मिळाला नसेल तर त्याला निर्धन समजून नुसत्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर सोडायचं असतं.

जाताना जमानत आदेशाची प्रत, मुलाचं आणि मावशींचं आधार, रेशन कार्ड आणि भाडेकरार असेल तर तो न्या. मुलाचा बंदी क्रमांक मुलाकातीच्या पर्चीवर असतो. कलमं इथे लिहू नका, मला व्यक्तिगत निरोपात कळवा.